घरावर झुकलेलं झाड: मृगाच्या आधी काय बघावं, कोणाला विचारावं, कोणाकडून उतरवावं

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठल्याही मोहल्ल्यात जा, अंगणात नाहीतर मागच्या भिंतीला एखादा लिंब असतोच. आजोबांनी लावलेला असतो, उन्हाळ्यात त्याच्याखाली खाट पडते, मुलं तिथेच खेळतात. पण एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी अचानक आभाळ भरून येतं, वावटळ सुटते आणि तोच लिंब पत्र्यावर कडकडायला लागतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "उद्याच तोडून टाका." दुसरा म्हणतो, "इतकी वर्षं पडला नाही, आता काय पडणार?"

आमचं म्हणणं असं की दोघांचंही घाईत ऐकू नये. प्रत्येक मोठं झाड धोकादायक नसतं आणि धोका असला तरी दर वेळी आख्खं झाड तोडावं लागत नाही. पण खरोखर धोका असेल तर तो पावसाळ्यावर ढकलणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळणं आहे. म्हणून झाड तपासायचं कसं, परवानगी कुठे मागायची आणि काम कोणाला द्यायचं, हे सगळं या लेखात एकत्र देत आहोत.

पारसची घटना विसरू नका

९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी वादळी पाऊस झाला. बाबूजी महाराज मंदिर परिसरात भाविक पत्र्याच्या शेडखाली थांबले होते. शेजारचं जुनं, मोठं कडुलिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले.

त्या रात्री लोकांनी काही वेडं धाडस केलं नव्हतं. पाऊस आला म्हणून ते छताखाली उभे राहिले, इतकंच. आपल्याकडेही मस्जिदीचा वजूखाना, मदरशाचा व्हरांडा, शादीखान्यासमोरचा मांडव, दर्ग्याबाहेरची दुकानं असं बरंच काही पत्र्याखाली आणि झाडाखाली असतं. पत्रा पाऊस अडवतो, खोड अडवत नाही. वादळ सुटलं की मोठ्या झाडाखालच्या शेडमध्ये थांबू नये, पक्क्या इमारतीत जावं. घरातल्या लेकरांनाही हे सांगून ठेवा.

झाड धोकादायक आहे हे ओळखायचं कसं?

झाड जुनं आहे किंवा उंच आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. उन्हाळ्यात एक दिवस सकाळी वेळ काढा आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नीट बघा.

आधी जमीन. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. बुंध्याभोवती एका बाजूची माती उचलली गेली असेल, तिथे नव्या भेगा दिसत असतील आणि झाड पूर्वीपेक्षा जास्त कललेलं वाटत असेल, तर मुळांची पकड सुटत आहे असं समजा. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड आणि गेल्या पावसाळ्यानंतर तिरकं झालेलं झाड यांत मोठा फरक आहे. पहिलं बहुतेक वेळा भक्कम असतं, दुसऱ्यापासून सावध राहा.

मग मुळं. गेल्या दोन-चार वर्षांत झाडाच्या जवळून नाली खोदली, पाइपलाइन टाकली, कंपाउंडचा पाया घेतला किंवा रस्त्याचं काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलं, असं काही झालं आहे का? मुळं एका बाजूने तुटली की वरून हिरवंगार दिसणारं झाडही वाऱ्यात आडवं होतं.

त्यानंतर बुंधा. खालच्या बाजूला अळंबी, कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या असतील तर आतलं लाकूड कुजत असण्याची शक्यता मोठी. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का? ढोली असली म्हणजे झाड लगेच पडेल असं नाही. बाहेरचा लाकडाचा वेढा जाड असेल तर पोकळ झाडही टिकतं. पण ढोली आणि भेग दोन्ही एकत्र दिसली तर जाणकार माणसाला दाखवाच.

शेवटी फांद्या. दोन जाड फांद्या अगदी चिकटून वर गेल्या असतील आणि त्यांच्या बेचक्यात चीर दिसत असेल, तर तिथूनच झाड फाटतं. वाळलेल्या जाड फांद्या, पूर्वी वादळात अर्धवट मोडून लटकलेल्या फांद्या आणि घराच्या छतावर किंवा विजेच्या तारेवर गेलेला भार यांचीही नोंद घ्या.

खाली काय आहे तेही बघा. मोकळ्या रानातलं वाळकं झाड पडलं तर फारसं नुकसान नाही. तेच झाड झोपायच्या खोलीवर असेल तर एक दिवसही थांबू नये.

वाळलेला लिंब मेलेला असेलच असं नाही

गेल्या काही वर्षांत तेलंगण आणि मराठवाड्याच्या भागात लिंबाची झाडं शेंड्याकडून वाळताना दिसतात. पावसाळा सरता सरता पानं तपकिरी होतात, कोवळे शेंडे जळल्यासारखे दिसतात, आणि लोक समजतात की झाड गेलं. यामागे फोमॉप्सिस नावाची बुरशी आहे. रस शोषणारा ढेकण्या नावाचा कीटकही लिंबाचे शेंडे असेच वाळवतो. पण अशी पुष्कळ झाडं पुढच्या वसंतात पुन्हा फुटतात.

म्हणून लिंब वाळला की लगेच आरा मशीनवाल्याला बोलावू नका. फांदीची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवा, ओला थर दिसला तर जीव आहे. वाळके शेंडे छाटा, ती छाटणी दूर नेऊन नष्ट करा आणि पालवीच्या दिवसांपर्यंत वाट बघा. नीट कळत नसेल तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या परभणीतच आहे. तिथे वनस्पती रोगशास्त्राचे तज्ज्ञ आहेत. फांदीचा नमुना आणि फोटो घेऊन गेलात तर सल्ला मिळू शकतो.

जागा माझी, झाड माझं, मग परवानगी कशाला?

हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. उत्तर सरळ आहे: शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत लागू आहे. म्हणजे परभणी शहर आणि जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा ही नगरपालिकेची गावं त्यात आली. पालममध्ये नगरपंचायत कार्यालयात विचारावं. या कायद्यात तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर कुऱ्हाड घालणं नाही. जाळणं किंवा झाडाला इजा करणं हेही त्यातच मोडतं. विनापरवानगी तोड केल्यास दंड आणि तुरुंगवास दोन्हीची तरतूद आहे.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावण्याची अटही आली. आजोबांच्या काळातला लिंब किंवा चिंच असेल तर हे लक्षात ठेवूनच अर्ज करा.

पण कायदा फक्त अडवण्यासाठी नाही. झाड मेलेलं, रोगट किंवा वादळात पडलेलं असेल, किंवा त्यापासून जिवाला नाहीतर मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी देण्याचा विचार त्यातच सांगितला आहे. म्हणून अर्जात "झाड नको आहे" असं मोघम लिहू नका. धोका काय आहे ते लिहा.

अर्ज महापालिकेत किंवा नगरपालिकेत वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने करायचा. त्यासोबत हे ठेवा:

– मालमत्ता कराची पावती किंवा मालकीचा कागद.
– झाडाची जात, छातीइतक्या उंचीवर दोरीने मोजलेला घेर आणि अंदाजे वय.
– चारही बाजूंचे फोटो, तसेच भेग, ढोली, कललेपणा, छतावरचा भार यांचे जवळून फोटो.
– आख्खं झाड काढायचं की फक्त फांद्या, हे स्पष्ट शब्दांत.
– घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांत वारसाची वाटणी झालेली नसते. एक भाऊ परभणीत, दुसरा पुण्यात, बहिणी सासरी. एकाने झाड तोडून लाकूड विकलं की बाकीच्यांच्या मनात खडा बसतो. झाडात बहिणींचाही हिस्सा आहे, हे विसरू नये. आधी फोन करा आणि दोन ओळी लिहून घ्या.

अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. उद्या झाड पडलं किंवा कोणी तक्रार केली, तर ही पोच कामाला येते. पाहणी, नोटीस, मंजुरी यात वेळ जातो, म्हणून मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा हिवाळ्यातच अर्ज टाकलेला बरा.

खेड्यात आणि शेतात

ग्रामीण भागात वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, सागवान, चंदन, खैर, हिरडा अशा ठरावीक जाती आहेत. ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी आधी परवानगी लागते. लिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. पण लाकूड गाडीत भरून नेताना वाहतूक परवाना लागेल का, हे जातीनुसार ठरतं. तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच गाडी भरा. बांधावरचं झाड असेल तर शेजारच्या शेतकऱ्याला सांगितल्याशिवाय हात लावू नका. बांधावरच्या एका बाभळीपायी पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद झालेली घरं आपल्या गावांत कमी नाहीत.

"लाकूड आम्हाला, तोडणी फुकट": हा सौदा नीट समजून घ्या

आपल्याकडे झाड तोडायचं म्हटलं की वखारवाला किंवा आरा मशीनचा माणूस येतो. तो म्हणतो, लाकूड आम्ही नेतो, तुम्हाला खर्च नाही. वरवर सौदा चांगला दिसतो. पण विचार करा, त्याचा फायदा कशात आहे? जाड, निरोगी खोडात. तुमची गरज मात्र वेगळी असू शकते. कदाचित छतावरच्या दोन फांद्या काढल्या की काम भागतं. ज्याला लाकूड हवं आहे, तो "आख्खं काढा" असंच सांगणार. त्यात त्याची बेईमानी असेलच असं नाही, त्याचा धंदाच तो आहे. म्हणून झाड ठेवायचं की काढायचं हा सल्ला लाकूड विकत घेणाऱ्याकडून घेऊ नका.

काम देताना चार गोष्टी कागदावर घ्या. काय काढायचं आणि काय ठेवायचं. पालापाचोळा, फांद्या आणि खुंट कोण उचलणार. भिंत, पत्रा, टाकी फुटली तर भरपाई कोण देणार. आणि मजुरांचा विमा आहे का, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. झाडावर चढणारा पोरगाही कोणाच्या घरचा कमावता असतो. हेल्मेट नाही, कमरेला पट्टा नाही, पायात चप्पल आणि एका हातात पेट्रोलची चेन मशीन, अशा माणसाला आपल्या झाडावर चढू देऊ नये. स्वस्त पडतंय म्हणून दुसऱ्याचा जीव पणाला लावणं आपल्याला शोभत नाही.

जाणकार माणूस काम कसं करतो?

मोकळ्या जागेत झाड एकदम पाडता येतं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खाच घेतात, मग मागून काप देतात आणि मध्ये थोडं लाकूड बिजागरीसारखं ठेवतात. त्या बिजागरीवर झाड ठरलेल्या दिशेला वळतं. ती पूर्ण कापली तर झाड कुठेही जातं. त्यासाठी झाडाच्या उंचीपेक्षा बरीच जास्त जागा मोकळी हवी, आणि मोहल्ल्याच्या गल्लीत ती नसतेच.

म्हणून घराजवळचं झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवतात. आधी शेंडा आणि बाजूच्या फांद्या, मग खोडाचे ओंडके. प्रत्येक जड फांदी दोराने बांधून हळूहळू खाली सोडतात, फेकत नाहीत. फार मोठं झाड असेल आणि रस्ता रुंद असेल तर हायड्रा क्रेन लावतात.

फांदी कापायचीही पद्धत आहे. आधी खोडापासून थोडं दूर, खालच्या बाजूने अर्धवट काप. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. शेवटी उरलेला तुकडा खोडाजवळच्या फुगीर कड्यापाशी साफ कापायचा. कडं शाबूत राहिलं की झाड स्वतःच जखम बंद करतं. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कुज आत शिरते.

झाडाचं मुंडकं उडवून बोडकं करणं ही मात्र चुकीची रीत आहे. त्या जागी झपाट्याने धुमारे फुटतात, पण त्यांचा जोड कच्चा असतो. चार-पाच वर्षांनी तेच धुमारे जड होऊन मोडतात. तशीच दुसरी वाईट रीत म्हणजे परवानगी टाळण्यासाठी गुपचूप बुंध्याची साल सोलणं किंवा ॲसिड ओतणं. तो गुन्हा तर आहेच, शिवाय उभं वाळलेलं झाड ठिसूळ होतं. मग त्यावर चढायला कोणी जाणकार तयार होत नाही, आणि आधी नव्हता तो धोका आपणच तयार केलेला असतो.

विजेची तार जवळ असेल तर स्वतः काठी किंवा कोयता लावू नका. ओली फांदी करंट वाहून नेते. महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून पुरवठा बंद करून घ्या आणि लाइनमन समोर असतानाच काम करा. तार तुटून पडली तर जवळ न जाता १९१२ वर फोन करा. आणि फांदी कापण्याआधी घरटी बघा. पिल्लं असतील आणि धोका तातडीचा नसेल, तर काही आठवडे थांबता येतं.

मस्जिद, दर्गाह आणि कब्रस्तानची झाडं

खासगी घरात निर्णय घ्यायला मालक असतो. इथे मात्र कधी कधी सगळेच मालक असतात आणि कोणीच निर्णय घेत नाही. कब्रस्तानातली जुनी झाडं त्यामुळे वर्षानुवर्षं तशीच राहतात, किंवा एक दिवस कोणालाच न विचारता गायब होतात.

वक्फ जागेतलं झाड ही अमानत आहे. मुतवल्ली किंवा कमिटीने आधी बैठकीत ठराव करावा, मग वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. धार्मिक जागा म्हणून कायद्यातून सूट आहे, असं समजू नये. लाकूड विकायचं असेल तर आधी सूचना लावावी, दोन-तीन जणांचे भाव घ्यावेत आणि पैसे पावतीसह संस्थेच्या खात्यात जमा करावेत. शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की इथे राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय आहे, तिथे लेखी विचारावं. कब्रस्तानात ओंडके कबरींवर पडणार नाहीत, ट्रॅक्टर कबरींवरून जाणार नाही, हे बघायला कमिटीचा एक माणूस दिवसभर उभा असला पाहिजे. काम जुम्याच्या दिवशी ठेवू नये.

परभणीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उर्स भरतो. दूरदूरहून लोक येतात, दुकानं लागतात. अशा गर्दीच्या जागी वाळक्या फांद्यांची पाहणी जानेवारीतच झालेली चांगली.

शेजाऱ्याला आधी सांगा

तुमचं झाड शेजाऱ्याच्या छतावर गेलं असेल तर त्याची तक्रार वैर समजू नका. तुमच्या घरावर शेजाऱ्याचं झाड असेल तर आधी घरी जाऊन बोला, नाही ऐकलं तर फोटोसह लेखी द्या आणि त्याची प्रत महापालिकेला द्या. पण शहरात परस्पर कुऱ्हाड चालवू नका.

वड, पिंपळ, उंबर ही झाडं आपल्या हिंदू शेजाऱ्यांना पूज्य आहेत. अशा झाडाची फांदी जरी काढायची असेल तरी आधी मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांना बोलवा, धोका दाखवा आणि परवानगीचा कागद समोर ठेवा. डोळ्यांनी फाटलेला बेचका बघितला की बहुतेक माणसं स्वतःच म्हणतात, "काढा बाबा लवकर." न सांगता केलेल्या कामाचा मात्र व्हिडिओ फिरतो आणि गोष्ट भलतीकडे जाते.

झाड पडलंच तर

आधी माणसं बाहेर काढा आणि दूर व्हा. ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. पडलेल्या खोडावर किंवा ताणलेल्या फांदीवर चढू नका, कापताच ती उसळते. सामान हलवण्याआधी फोटो काढा. घराचं नुकसान झालं असेल तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या, मदतीचा अर्ज त्यावरच चालतो. शहरात जीव वाचवण्यासाठी तातडीने फांदी कापावी लागली, तर त्याच दिवशी फोटोसह महापालिकेला लेखी कळवा.

तोडलं, तर लावायचंही आहे

परभणीचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र्याच्या घरावरची सावली गेली की पहिल्याच मे महिन्यात ते कळतं. झाड लावणं सदका-ए-जारिया आहे, हे आपण तकरीरीत ऐकतो. रस्त्यातली इजा दूर करणंही नेकी आहे, हेही ऐकतो. धोक्याचं झाड रीतसर उतरवणं आणि त्या बदल्यात नवीन लावणं, या दोन्ही गोष्टी त्यात येतात.

नवीन झाड भिंतीपासून आणि तारेपासून अंतर ठेवून लावा. लिंब, चिंच, वड यांना मोठी मोकळी जागा लागते, ती कब्रस्तानात, ईदगाह मैदानावर किंवा शेताच्या कडेला असते. छोट्या अंगणात सीताफळ, पेरू, शेवगा, कढीपत्ता पुरे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी देण्याची जिम्मेदारी घरातल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने ठरवा. आणि या रविवारी, ऊन चढण्याआधी, आपल्या अंगणातल्या झाडाभोवती एक चक्कर मारा. मृग नक्षत्र लागायच्या आत काय करायचं ते त्यावरूनच ठरेल.